माझं एक ‘व्हय’

माझी सवत आणायच्या गाऱ्हाण्याला मी स्वतः ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. भर देवळात, गावासमोर.

गुरव रवळनाथापुढं उभा होता. हातात कौलाच्या पाकळ्या. देवाच्या दगडावर चिकटवायच्या, उजवी पडली की देवाचा होकार. पण आधी गाऱ्हाणं. तो मोठ्यानं देवाला सांगत होता, “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक तीन चेडवांच झाली. झील नाय. म्हणान तो दुसरी बायल करता हा. थोरलेक ह्या मान्य आसा...”

आणि थांबला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ती तीन चेडवां, आमच्या मुली, माझ्याच पदराला धरून उभी होती. सासूनं दंडाला चिमटा काढला. “म्हण गो!”

म्हटलं. पाकळी उजवी पडली.

दुसरी बायको करायला सरकारनं बंदी घातली होती. भीत भीत मी नवऱ्याला तसं सांगितलंही होतं. तो हसला. “कायदो मुंबयत. हयसर देव आसा.”

देव कसला बोलतोय! बोलायचं होतं माझ्याच तोंडानं. लोक आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतात. मी तर त्या धोंड्याला कुंकू लावलं.

आठ दिवसांत धाकटी आली. नांदगावकडची, सतरा वर्षांची. उंबऱ्यात तिच्या पायांवर पाणी मी ओतलं. माझी वळकटी पडवीत गेली, भाताच्या कणगीशेजारी. वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. मेली माझा संसार गिळायला आली, असंच वाटायचं. मग तिचं पहिलं बाळंतपण. मी चुलीवर पाणी तापवत होते. कळ दाबत ती म्हणाली, “आका, माका तरी कोणी इचारलेला?”

तिला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

तिलाही दोन मुलीच झाल्या. नवऱ्यानं तिसरीचं काढलं. पुन्हा देऊळ, पुन्हा तोच गुरव. “दोघींकय मान्य आसा...”

सासूची बोटं दंडावर आली.

“नाय म्हाराजा.”

हळूच म्हटलं, पण ऐकू गेलं. बाजूनं धाकटीचा बारीक आवाज आला, “नाय म्हाराजा.”

गुरवानं पाकळ्या ताटात ठेवल्या. नवऱ्याला म्हणाला, “देवाक खोटा सांगूक माका येवचा नाय.”

अंगणात नवऱ्यानं कुंपणाचा दांडा उपसून मला मारलं. मध्ये पडली म्हणून धाकटीलाही. माझा डावा हात अजून सरळ होत नाही. तिसरी मात्र आली नाही.

घर सोडलं नाही. का सोडावं? ह्या घरात राबलो आम्ही दोघी.

आमच्या पाच मुली आहेत. थोरलीला आता मागणी येतेय. पाचींना बसवून मी सांगितलंय : देवळात नेतील, चिमटा काढतील, मारतील. मनात नसेल तर ‘व्हय’ म्हणायचं नाही. माझं एक ‘व्हय’ मी सतरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर टाकलं. तसलं दुसरं ह्या घरातून निघणार नाही.