लाल ओळ आणि लांजेवार मॅडम

"मॅडम, चालून नाही राहिलं," असं कुणी म्हटलं की लांजेवार मॅडम मान वर करत नसत. भंडाऱ्यात एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा संगणकाचा वर्ग होता. खालून पितळ ठोकल्याचा आवाज आणि वर आमची रडगाणी. "काय चालून नाही राहिलं? पंखा तं चालून राहिला," एवढं बोलून त्या आपलं काम करत राहायच्या.

वेबसाइट बनवायला शिकणाऱ्या आम्हा पोरांचा खरा वैरी म्हणजे डेटाबेस. माहिती साठवायला गेलं की पडद्यावर इंग्रजीत लाल ओळ उमटायची आणि आम्ही ती न वाचताच बंद करून मॅडमकडे धावायचो. "पेशंट घरी ठेवून डॉक्टरकडं कायले आला, बाबू? जा, ती ओळ जशीच्या तशी लिहून आण." सोबत आपण काय केलं आणि काय व्हायला हवं होतं, तेही लिहावं लागे.

एकदा मी इंटरनेटवर मदत मागायच्या पानावर "अर्जंट! प्लीज हेल्प!" असं लिहून सहाशे ओळींचा कोड चिकटवला. त्यात डेटाबेसचा पासवर्डही होता. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. मॅडमनी कपाळाला हात लावला, आधी पासवर्ड बदलायला लावला, मग त्या सहाशेतल्या नडणाऱ्या अकरा ओळी माझ्याकडूनच शोधून घेतल्या आणि तेवढ्याच पुन्हा टाकायला लावल्या. "उत्तर देणारा काय तुझा नोकर आहे का? त्याले पाच मिनिटात समजलं पाहिजे." तासाभरात एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. मी खुशीत घरी निघालो, तर म्हणाल्या, "आभार मान, अन् कायनं दुरुस्त झालं तेही लिही. उद्या दुसरं कोणी अडकलं तं?"

पुढे मला मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेश अर्जाचं काम मिळालं. माझं पहिलंच काम. अर्ज नीट चालतो का ते तपासताना मधूनच लाल ओळ यायची. लोकांपुढे शोभा नको म्हणून मी ती दिसणारच नाही अशी सोय केली. काहीही झालं तरी पडद्यावर "धन्यवाद" यायचं.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी नाकाडोंगरी गावची एक मुलगी वडिलांबरोबर एसटीने आली. यादीत नाव नाही म्हणून वसतिगृहाने तिला आमच्या वर्गावर पाठवलं होतं. "अर्ज तं भरला होता जी मी," ती रडवेली होऊन म्हणाली.

मॅडमनी मला लपवलेली ओळ पुन्हा सुरू करायला लावली आणि मुलीला अर्ज भरायला बसवलं. तिने नाव मराठीत लिहिलं. लाल ओळ आली. या वेळी मी ती वाचली. नावाचा रकाना मी फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बनवला होता. मराठीत नाव लिहिणाऱ्या प्रत्येक मुलीचा अर्ज "धन्यवाद" म्हणून हवेत गेला होता. अशा मुली किती आणि कोण, ते कळायला मार्ग नव्हता.

रकाना लगेच दुरुस्त झाला, पण यादी संध्याकाळी बंद होणार होती. "सर्व्हर बिघडला होता असं सांगू," मी म्हणालो. मॅडम पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. "काहून? खोटं दुखणं सांगून खरं औषध भेटते का?"

मी वसतिगृहाच्या अधीक्षिकांपुढे उभा राहिलो. मॅडम मुद्दाम दाराबाहेर थांबल्या. "रकाना मी चुकीचा केला. चूक दाखवणारी ओळही मीच लपवली. मराठीत लिहिलेले अर्ज साठलेच नाहीत. आता दुरुस्त केलंय. चार दिवस मुदत हवी, आणि गावोगावी निरोप पोचवायला तुमची मदत हवी." अधीक्षिका भरपूर रागावल्या, पण एकही उलट प्रश्न त्यांना विचारावा लागला नाही. मुदत मिळाली. नाकाडोंगरीच्या मुलीचा अर्ज पहिला साठला.

चार दिवसांत मराठी नावांचे बावीस अर्ज आले. मी मोठ्या ऐटीत मॅडमना यादी दाखवायला नेली. त्यांनी ती हातात घेतलीच नाही. "मोठ्यानं वाच. ह्या बावीस पोरी तू लपवल्या होत्या, बाबू."

मॅडमना जाऊन आता तीन वर्षं झाली. माझ्यावर इतकी माया करणारं आणि इतकं कडक माणूस मला पुन्हा भेटलं नाही. त्या दिवशी यादी वाचताना सातव्या-आठव्या नावाला मला पुढे वाचवेना. त्यांनी पाण्याचा गिलास माझ्यापुढे सरकवला, मी पिईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "हं, पुढची."