बाई गोष्ट वाचतात तेव्हा

अनसूयाबाईंची नि माझी पहिली गाठ पडली ती त्यांच्या दटावणीनं. पिंपरीच्या कारखान्यात मला टाइमकीपरची नोकरी लागली होती आणि चिंचवड गावठाणात खोली मिळाली होती. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई सुट्टीच्या दिवशी दुपारी शाळेच्या पडवीत कामगारांना गोष्टी वाचून दाखवतात असं कळलं, म्हणून गेलो आणि भिंतीला टेकून बसलो. बाईंनी मासिकातून मान वर केली. "झोपायचं असेल तर खोलीवर झोपा. इथं लोक ऐकायला आलेत." तेव्हापासून त्यांच्यासमोर मी ताठ बसतो. आता त्या साठीच्या झाल्या तरी माझी टेकायची छाती नाही.

बाई वाचतात ते अगदी सरळ, बाजारभाव वाचावेत तसं. गोष्टीत कुणी मेलं तरी आवाज हलत नाही. मी एकदा कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "मी रडले तर तुम्ही माझ्याकडे बघाल. गोष्टीतल्या माणसाकडे मग कोण बघणार?" गोष्ट संपली की तात्पर्य नाही, उपदेश नाही. मासिक पिशवीत घालून त्या घरी स्वयंपाकाला जातात.

शाळेच्या कमिटीतल्या एका गृहस्थांना हे पसंत नव्हतं. लोकांना रडवून काय साधतं, त्यापेक्षा चार हिशेब शिकवा, असं त्यांचं म्हणणं. त्यातच सखारामचं प्रकरण झालं आणि त्यांना आयतं कोलीत मिळालं.

सखाराम चाकणकडचा शेतकरी, आमच्या कारखान्यात हमालीला, राहायला माझ्याच खोलीत. बाळंतपणात त्याची बायको गेली होती. पोरीनं आईला खाल्लं म्हणून त्यानं मुलीचं तोंडही पाहिलं नव्हतं. ती आजोळी वाढत होती. हे फक्त मला ठाऊक होतं. एका रविवारी बाईंनी वाचलेल्या गोष्टीत नेमका असाच बाप निघाला. सखाराम ताडकन उठला. "माजं घर चव्हाट्यावर मांडलंत. ह्यानंच सांगितलं तुमास्नी." बाईंनी वाचलं ते छापलेलं नसून त्यांनीच रचलेलं असणार, अशी त्याची खात्री. त्याला वाचता येत नव्हतं, आणि जमलेल्यांपैकी निम्म्यांना त्याचंच खरं वाटलं.

त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. गृहस्थांनी पडवीला कुलूप लावायची भाषा सुरू केली. मला फार वाईट वाटत होतं. आपलं माणूस आपल्याला चुगलखोर समजतं हे गिळवत नाही.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सखारामला माझ्यादेखत बोलावलं आणि मासिक त्याच्या हातात दिलं. "मला नि ह्यांना जो ओळखत नाही, अशा कुणाकडूनही वाचून घ्या. खोटं निघालं तर मी वाचन बंद करते."

सखाराम खरंच चाकणच्या एका मास्तरांकडे गेला. पुढची सुट्टी आली तरी त्याचा पत्ता नाही. कारखान्यात खाडे पडले. बाईंनी त्या दिवशी नेहमीसारखं वाचलं, पण अधूनमधून फाटकाकडे पाहत होत्या. एवढं मात्र मी पाहिलं.

तो आला तो मुलीला घेऊनच. परकर-पोलक्यातली पोर, त्याच्या धोतराचा सोगा धरून. मासिक बाईंना परत करत म्हणाला, "मास्तरानंबी त्येच वाचलं. म्हंजी माज्यावानी आणिक कोनतरी हाय, बाई. त्यो पोरीकडं गेला न्हाई, त्याचं आयकून मला त्याचा राग आला. मग म्हनलं, आपुन कोन मोटे?"

बाईंनी विचारलं, "मुलीनं ओळखलं?"

"कुटलं वळकतीया? दारात हुबी होती. म्हनली, कोन पायजे? म्या म्हनलं, तूच."

बाईंनी मान खाली घातली आणि मासिक पिशवीत सरकवलं. त्या दिवशी मात्र पिशवीचे बंद त्यांना बांधता येईनात.

कुलपाची भाषा नंतर आपोआप बंद पडली. गृहस्थ आता पहिल्या रांगेत बसतात आणि दुसऱ्यांना गप्प करतात. सखारामची मुलगी बाईंच्या शाळेत शिकते. पुढं मी बिऱ्हाड केलं आणि माझ्या मंडळींना टायफॉइड झाला, तेव्हा रोज पेज घेऊन येणाऱ्या बाईंविषयीही लिहायचं होतं, पण त्यांनीच ताकीद दिली, म्हणून एवढ्यावर थांबतो.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी तुझ्यातर्फे काय लिहू, असं सखारामला विचारलं. त्यानं विडी चोळली. मग म्हणाला, "लिव, बाईंचं डोळं नि गुडघं धड ऱ्हावं. शंभरी गाठावी. माज्या पोरीला पोरं हुतील, त्यास्नीबी बाईंनीच वाचून दावावं." आम्हा सर्वांचं मागणं याहून वेगळं नाही.