डबल एसचे चाळीस शब्द

आमच्या कंपनीत इंग्रजी शिकवायला जे सर यायचे ते पुनावळ्याहून स्वतःच्या गाडीने यायचे आणि दर शनिवारी अर्धा तास उशिरा यायचे. आल्यावर पहिली दहा मिनिटं चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या, त्यासुद्धा इंग्रजीत. आम्ही पहाटे साडेपाचच्या बसने येऊन आठ तास उभ्याने वायरी जोडलेल्या बायका, त्यांची ही कर्मकहाणी ऐकत बसायचो. त्यांच्या शर्टाला मात्र एक सुरकुती नसायची.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर परदेशातले पाहुणे कंपनी बघायला येणार होते. आम्ही गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवतो. त्या पाहुण्यांना ते जुडगे नीट हवेत, एवढी साधी गोष्ट. पण एचआरच्या मॅडमला साक्षात्कार झाला की लाइनवरच्या प्रत्येक बाईला इंग्रजी शब्द आले पाहिजेत. परीक्षा होणार, आणि नापास होईल तिची बदली पॅकिंगला. पॅकिंगला म्हणजे दिवसभर खोके उचलायचे.

सरांची एक थिअरी होती. शब्द अक्षरांच्या जोडीने शिकायचे, म्हणे मेंदू उघडतो. एका शनिवारी डबल ओ, एका शनिवारी डबल एल. परीक्षेला मात्र डबल एस. क्लास, ग्लास, प्रेस, प्रोसेस, असेंब्ली, मिसिंग, लॉस, बॉस. एवढे शब्द आम्ही रोज तोंडातून काढतो, पण सरांच्या मते आम्हाला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. ‘मेस’ म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, खानावळ. सर खो खो हसले. मेस म्हणजे पसारा, गोंधळ, ते म्हणाले. मेस म्हणजे खानावळसुद्धा होतं हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं. मी डिप्लोमावाली, परभणीहून इथे आलेली, मला माहीत होतं. पण मी बोलले नाही. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

माझ्या शेजारच्या जागेवर मावशी काम करायची. राजगुरुनगरच्या अलीकडच्या गावातली, पन्नाशीची, गुडघे दुखणारी. आठ वर्षं एकच काम. वायरीच्या टोकाची पितळी पिन कनेक्टरच्या भोकात ढकलायची, टक्क आवाज ऐकायचा, मग हलकेच मागे ओढून बघायची. तिच्या हातून न बसलेली पिन कधी पुढे गेली नाही. तिला पॅकिंगला पाठवलं असतं तर त्या गुडघ्यांनी तिने महिनाभरात नोकरी सोडली असती. हे तिलाही ठाऊक होतं. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची, यादी घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवायची आणि चहाच्या सुट्टीत ओठ हलवत बसायची.

“मावशी, कशाला टेन्शन घ्यायलात? मी हाय ना,” मी म्हणायचे.

यावर ती यादी पुन्हा उलगडून ओठ हलवायला लागायची.

मी आहे ना, याला आमच्या लाइनवर अर्थ होता. प्रत्येक लाइनवर एक जण असते जी सगळ्यांचे कागद भरते. मशीन पुसल्याचा तक्ता, ट्रेनिंग झाल्याची सही, सूचना वाचल्याची सही. तपासणी आली की महिन्याभराचे कागद एका बैठकीत भरायचे, चार रंगांची पेनं, तीन वळणांचं अक्षर. आमच्या लाइनची ती मी. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. साहेबांना कागद हवा असतो, तो आम्ही देतो.

परीक्षेच्या दिवशी सर कागद वाटून मॅडमबरोबर चहाला गेले. राखणीला ठेवलेला ट्रेनी मोबाइलमध्ये. चाळीस शब्द, समोर मराठीत अर्थ लिहायचा. हळूहळू कागद नेहमीप्रमाणे माझ्याकडे सरकू लागले. मावशीचा आला नाही. तिने नाव लिहून पहिल्या शब्दासमोर पेन टेकवलं होतं.

“द्या इकडं,” म्हणत मी तो तिच्या हाताखालून ओढला.

“आगं, थांब की जरा,” ती म्हणाली.

मला वाटलं, संकोच करतेय. म्हटलं, म्हातारीचे गुडघे वाचवू. आणि मी हुशारही होते. सगळ्यांचे कागद एकसारखे बरोबर आले तर संशय येईल. म्हणून प्रत्येकीला जिच्या तिच्या मगदुराप्रमाणे चुका वाटल्या. मावशीला चार दिल्या. लेसन म्हणजे लसूण. ग्रास म्हणजे घास. मेसेज म्हणजे मालिश. आणि ब्रास म्हणजे वाळू मोजायचं माप. शेवटची सुचली तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तिच्या गावात जमिनी विकून घरं बांधायची एकच धामधूम, ब्रास म्हटलं की वाळूच आठवणार, असा माझा हिशेब.

पुढच्या शनिवारी निकाल लागला. मावशी छत्तीस, पास. पॅकिंग टळलं. मी सुटकेचा निःश्वास सोडतेय तोवर सरांनी तिचा कागद वर उचलला. “आता जरा गंमत ऐका,” असं म्हणून ते चारही अर्थ त्यांनी मोठ्याने वाचले. एकेका शब्दानंतर थांबून. लसणाला अख्खा वर्ग हसला, मालिशला मॅडम खुर्चीवर वाकून हसल्या. “या वयात एवढं आलं हेही खूप आहे,” असं म्हणून सरांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. सगळ्या हसत होत्या, आणि मीही हसले. मावशी पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. तिथून उठून मागेही जाता येईना तिला.

सोमवारी चहाच्या सुट्टीत ती माझ्यासमोर बसली आणि खोक्याचा फाडलेला पुठ्ठा टेबलावर ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूवर चाळीस शब्द लिहिलेले. इंग्रजी अक्षर सुटं सुटं, ठळक, समोर मराठी अर्थ.

“तपास,” ती म्हणाली.

मी लाल पेन काढलं. लेसन, धडा. ग्रास, गवत. मेसेज, निरोप. मेसपुढे तिने पसारा लिहिलं होतं आणि खाली खानावळही. ब्रासपुढे लिहिलं होतं, पितळ, आपली पिन. लाल पेन कुठेही टेकलं नाही. चाळीसच्या चाळीस.

“सुनंनं शिकिवलं,” ती म्हणाली. “दीड महिना. भाकरी थापताना म्हणून घ्यायची माझ्याकडनं. रिझल्ट लागला आन् तिनं इचारलं, किती पडले. काय सांगू तिला?”

मी म्हटलं, “मावशी, मला वाटलं तुम्हाला...”

“आठ वर्सं पितळ हाय माझ्या हातात, पोरी. आन् तू वाळू लिवलीस.” तिचा आवाज चढला नाही. “सर हसला त्याचं काय न्हाई. त्यो मला वळखत न्हाई. तू तर रोज शेजारी उभी ऱ्हातीस.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या सरांची मी महिनाभर टर उडवली होती, आणि त्यांना हसायला माल पुरवला होता मीच. तिने कुणाकडे तक्रार केली नाही. केली असती तर दोघींनाही घरी बसावं लागलं असतं. पुठ्ठ्याची घडी होईना, म्हणून तिने तो तसाच डब्याच्या पिशवीत उभा खुपसला आणि जागेवर गेली.

पाहुणे आले. लाइनवर पाच मिनिटं फिरले, एका बाईशी एक शब्द बोलले नाहीत, जेवले आणि गेले. सर अजून येतात, अजून उशिरा येतात. माझं त्यांच्याबद्दलचं मत तसूभर बदललेलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा कागद वाटले गेले, या वेळी सुरक्षिततेचे. ते पुन्हा एकेक करून माझ्याकडे सरकले. मावशीने आपला कागद डाव्या तळव्याखाली दाबून धरला आणि माझ्याकडे पाठ करून लिहायला लागली.