पंख्याखालचा प्रेझेंट टेन्स

सावंत सरांच्या इंग्लिश क्लासला मी आठ महिने गेलो. इंग्लिश किती आलं ते विचारू नका. किस्से मात्र इतके साठलेत की आई कोथिंबीर आणायला पाठवते आणि मी भाजीवाल्याला दोन सांगून, कोथिंबीर विसरून घरी येतो.

आधी क्लास समजून घ्या, नाहीतर डोक्यावरून जाईल. कांजूरमार्गला आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर मंडळाची एक खोली आहे. एका बाजूला दार, समोरच्या बाजूला खिडकी, मध्ये एकच पंखा. मी दहावीला इंग्लिशमध्ये उडालो म्हणून आईने मला तिथे नेऊन टाकलं. बाकी सगळे मोठे लोक, कामधंदेवाले.

सर मालवणचे. त्यांचं म्हणणं असं, की टेन्स डोक्यात बसत नाही, पायात बसतो. म्हणून दार म्हणजे पास्ट, पंख्याखाली प्रेझेंट आणि खिडकी म्हणजे फ्यूचर. कालचं बोलायचं तर चालत दाराशी जायचं, मग तोंड उघडायचं. उद्याचं बोलायचं तर खिडकीशी. जागेवरून बोललात तर सर ऐकतच नाहीत, सरळ वहीत बघत बसतात.

आता मे महिना. पंखा एकच, तो प्रेझेंटमध्ये.

दोन दिवसांत अख्ख्या क्लासचा पास्ट बंद पडला. सर विचारायचे, काल काय जेवलात? एकेक जण पंख्याखालून हलायला तयार नाही. म्हणे सर, काल जेवलोच नाही. लहानपणी कुठे राहायचात? आठवत नाही सर. रिक्षावाले नाईक काका तर म्हणाले, माझं लहानपण झालंच नाही.

सर वैतागले आणि घरून टेबलफॅन आणून त्यांनी दाराशी लावला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं आठवलं. नाईक काकांनी पहिलीपासून सुरुवात केली, आणि क्लास सुटला तेव्हा ते तिसरीत होते.

*

ह्याच नाईक काकांची मी एकदा वाट लावली.

त्यांना फ्यूचरची पाच वाक्यं घरून लिहून आणायची होती. रिक्षा चालवून माणूस कंटाळतो, तर म्हणाले, ओम्या, तूच दे ना लिहून. मी दिली. चार बरी दिली. पाचवं होतं, ‘आय विल मॅरी सुनंदा.’

काका खिडकीशी गेले आणि मोठ्याने वाचायला लागले. सरांचा नियमच होता, आवाज गल्लीत गेला पाहिजे. गेला. खाली गल्लीत काकी बांगडे घेत होत्या. काकींचं नाव मंगल.

काकींना इंग्लिश येत नाही, पण मॅरी कळतं आणि सुनंदा तर कळतंच. बांगड्यांची पिशवी तशीच हातात घेऊन त्या वर आल्या आणि दारात उभं राहून त्यांनी विचारलं, “कोण ही?”

सर म्हणाले, वहिनी, हा गृहपाठ आहे. काकींनी विचारलं, कोणी दिला? तेव्हा अख्ख्या क्लासने माझ्याकडे बोट दाखवलं. एवढी एकी मी त्या क्लासमध्ये परत पाहिली नाही.

काकींनी मला काही केलं नाही. त्यांनी सरांकडे फॉर्म मागितला. दुसऱ्या दिवसापासून त्या पहिल्या रांगेत. काकांनी फ्यूचर कायमचं सोडलं.

*

आता कांबळे मावशी. मूळची लातूरकडची, राहायला आमच्याच मागच्या चाळीत. मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये बारा वर्षं आया. सुपरवायझरची सगळी कामं मावशीच करायची, कोणाची ड्युटी कुठे, चादरी किती, कोण दांडी मारतंय. फक्त सुपरवायझर दुसरं कोणीतरी असायचं.

कारण इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये. मागच्या वर्षी मावशी गेली होती. समोर मोठे लोक बघून घशाला कोरड पडली. जे विचारतील त्याला ‘येस सर’. शेवटी त्यांनी विचारलं, ह्या पोस्टवर आम्ही दुसऱ्या कोणाला घेतलं तर चालेल का?

“येस सर.”

घेतलं. तेवीस वर्षांची पोरगी. तिला मावशीनेच काम शिकवलं. ती आता लग्न करून गेली आणि जागा परत रिकामी झाली. मावशी क्लासच्या पहिल्या दिवशीच म्हणाली होती, ह्या खेपेला नाही झालं तर रिटायर होईपर्यंत बेडपॅनच उचलणार मी. आम्ही हसलो. ती नव्हती हसली.

*

मावशी घरी पण प्रॅक्टिस करायची. पण तिची खोली दहा बाय दहाची, दार आणि खिडकी एकाच भिंतीत, शेजारी शेजारी. म्हणजे पास्ट आणि फ्यूचर एकाच जागी. मावशी गोंधळली. सरांना घरी बोलावलं. मी चहाच्या आशेने मागे गेलो.

सरांनी अर्धा तास खोली बघितली, एखादा इंजिनीअर बघतो तशी. मग म्हणाले, खिडकी विसरा, ओटा म्हणजे फ्यूचर.

मावशीने ओट्याकडे बघितलं. “म्हणजे उद्यापण मी गॅसपाशीच का, सर?”

सरांनी वर बघितलं. पोटमाळ्याला शिडी होती. ठरलं, पोटमाळा म्हणजे फ्यूचर. त्या दिवसापासून मावशी रोज संध्याकाळी शिडी चढायची, गाद्यांमध्ये डोकं घालून ‘आय विल मॅनेज द स्टाफ’ म्हणायची आणि उतरायची. सून सांगायची, आईंचे गुडघे दुखतात पण ऐकत नाहीत.

*

माझा पण एक आहे, सांगून टाकतो.

सरांनी मला विचारलं, ऑक्टोबरच्या परीक्षेचा अभ्यास कुठवर? मी पंख्याखाली उभा राहून विचार केला, दाराशी जाऊन विचार केला, शेवटी खिडकीशी गेलो आणि म्हणालो, “आय विल स्टडी.” दुसऱ्या दिवशी पण तेच, तिसऱ्या दिवशी पण तेच.

चौथ्या दिवशी मी परत यायला निघालो तर सर म्हणाले, “मेल्या, थंयच ऱ्हव. तुझा सगळा अभ्यास थंयच हा.”

आठवडाभर मी खिडकीत. पंखा नाही, बसायला नाही, ऊन तोंडावर. खालून आई गेली, तिने हाक मारून विचारलं, अरे तिथे काय करतोयस? माझ्या आधी नाईक काकी उत्तर देऊन मोकळ्या झाल्या, “अभ्यास करणार आहे.”

*

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी साहेब झालो. पप्पांचा टाय घातला आणि मावशीला प्रश्न विचारले. ड्युटीवर असताना पेशंट पळाला तर काय करणार? मावशी म्हणाली, करणार काय, पळालाच होता. गेली दाराशी. हॉस्पिटलचा गाऊन घातलेला माणूस, मागून उघडा, स्टेशन रोडला वडापावच्या गाडीवर उभा. मावशीने त्याला वडापाव खाऊ दिला, मागून आपली ओढणी बांधली आणि हात धरून परत आणला. सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं, मोडकं तोडकं, पण न थांबता. सर वहीत बघायचं विसरले.

निघताना मावशी मला म्हणाली, “ओम्या, उद्या परत घसा सुकला तर?”

मी पप्पांचा टाय सोडला आणि माझी पाण्याची बाटली तिच्या पिशवीत टाकली.

*

पुढचं मी स्वतः बघितलेलं नाही. मावशीने सांगितलं, आणि नंतर तिथल्या मेट्रनने, म्हणजे सगळ्यात मोठ्या सिस्टरने, पण तस्संच सांगितलं, म्हणून खरं.

केबिनमध्ये मोठं टेबल. टेबलाच्या ह्या बाजूला मावशीची खुर्ची. त्या बाजूला, खिडकीला पाठ करून, तीन खुर्च्या. एकीवर एचआरची मॅडम, एकीवर मेट्रन, मधली मोठ्या डॉक्टरांची. ते लेट.

मॅडमने विचारलं, आधीचा अनुभव सांगा. मावशी उठली आणि दाराकडे चालायला लागली. मॅडम घाबरली, म्हणाली, अहो जाऊ नका, सोपं विचारते. मावशी दाराला टेकून उभी राहिली आणि बारा वर्षं सांगितली. पळालेल्या पेशंटसकट.

मग मॅडमने विचारलं, सध्या काय काम करता? मावशी खोलीच्या मध्यभागी आली आणि सांगितलं. मेट्रन म्हणते, मी तिला बारा वर्षांत एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग तो प्रश्न आला. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

खिडकी टेबलाच्या पलीकडे. मावशीने टेबलाला वळसा घातला. तिथे उभं राहायला जागा नव्हती, नुसत्या फायली. म्हणून ती मधल्या खुर्चीत बसली.

“आय विल सिट हिअर.”

तेवढ्यात दार उघडून मोठे डॉक्टर आले, फोन कानाला. बघितलं तर समोर तिघी जणी बसलेल्या. एकच खुर्ची रिकामी दिसली, अलीकडची, तिच्यात बसले. फोन ठेवून म्हणाले, “सॉरी, आय अॅम लेट.”

मावशी म्हणाली, “नो प्रॉब्लेम.”

डॉक्टरांनी फाईल उघडली आणि विचारलं, कँडिडेट कुठेय? मेट्रनने हळूच मधल्या खुर्चीकडे बोट केलं.

डॉक्टरांनी मावशीकडे बघितलं. मग आपण कुठे बसलोय ते बघितलं. मेट्रनने त्यांच्या कानाशी जाऊन दोन मिनिटं मावशीचं सगळं काम सांगितलं. मग त्यांनी फाईल बंद केली आणि विचारलं, जॉइन कधी करणार?

मावशी खुर्चीतून उठली. टेबलाला परत वळसा घातला, सावकाश, गुडघे सांभाळत. खोलीच्या बरोबर मध्यभागी येऊन उभी राहिली, ओढणी नीट केली.

“आय अॅम जॉइनिंग.”