चौकट नसलेलं रक्त

दसऱ्याच्या आदल्या सकाळी रक्तपेढीच्या दारातून झेंडूचा उग्र, कडसर वास आत आला आणि त्याच्या मागोमाग रक्ताचा. मी इथली तंत्रज्ञ. आमचं रक्त पिशवीत बंद असतं, त्याला वास नसतो. हा वास उघड्या, उन्हात तापलेल्या रक्ताचा होता. सायखेड्याकडच्या मळ्यातून, बाजाराला निघालेल्या फुलांच्या गाडीतच दत्तू नावाच्या शेतकऱ्याला आणलं होतं. बांधावरून जुंपली आणि सख्ख्या थोरल्या भावानं, रामनाथनं, त्याच्या मांडीत कोयता घातला. ओढून काढला आणि पुन्हा घातला. हे मला दत्तूच्या बायकोनं, सुनंदानं, रक्ताचा नमुना हातात देताना सांगितलं. तिचे हात कोपरापर्यंत माखलेले होते आणि केसांत पिवळ्या पाकळ्या होत्या.

गट ओ निघाला. ओची काय वानवा! चार पिशव्या जुळवायला घेतल्या, तर चारही नळ्यांत गाठी, म्हणजे एकही जुळेना. नळ्या नीट धुतल्या नाहीत म्हणून मी मदतनीस बाईंवर अशी खेकसले की त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. स्वतः धुतल्या, पुन्हा गाठी. गावातून आलेल्या तरण्या पोरांचं रक्त घेऊन पाहिलं; त्यातही गाठी. आत वॉर्डात दत्तू पांढरा पडत चालला होता, आणि मग मला एकदम उमगलं.

ओ म्हणजे कोरी पाटी, असं आपण धरून चालतो. पण कोऱ्या पाटीलाही चौकट असते, आणि ए, बी, ओ कुणीही असो, ती चौकट जवळपास प्रत्येकाच्या रक्तात असते. काही थोड्यांच्या रक्तात तीच नसते, आणि चौकट असलेलं कुठलंही रक्त त्यांना चालत नाही, गाठी होतात. मुंबईत प्रथम आढळलं म्हणून त्याला बॉम्बे ग्रुप म्हणतात. परदेशात शोधून सापडणं मुश्कील, आपल्या मुलखात मात्र त्यामानाने जास्त. आणि जिथे नात्यातच सोयरिकी होतात, तिथे आणखी. मी घरची माहिती विचारली. सुनंदा सासूला आत्या म्हणत होती. त्या आत्याची सासूही नात्यातूनच आलेली. पिढ्यान्‌पिढ्या दोनच घरांत मुली दिल्या-घेतल्या होत्या, जमीन बाहेर जाऊ नये म्हणून! ज्या जमिनीसाठी हे रक्त असं दुर्मीळ होत गेलं, तिच्याच बांधावर ते आज सांडलं होतं, आणि मला संताप आवरेना.

मुंबई-पुण्याला फोन झाले. पिशवी मिळेल, पण संध्याकाळपर्यंत. दत्तूकडे तेवढा वेळ नव्हता. जुळलंच तर भावाचं, आणि भाऊ एकच.

सुनंदाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "घ्या. सगळं काढून घ्या त्याचं. इथंच मरू दे त्याला."

दोन पोलिसांच्या मधून रामनाथ आला. मी विचारायच्या आधीच त्यानं बाही वर केली. ज्या हातानं कोयता उचलला तोच हात. त्यावर भावाचं रक्त वाळून काळं झालेलं. मी ते स्पिरिटनं खरवडून काढलं आणि सुई खुपसताना हात हलका ठेवला नाही. कबूल करते, त्याला दुखावं असंच वाटत होतं. पिशवी भरल्यावर तो म्हणाला, "अजून एक घ्या ना, बाई." नियमात बसत नाही म्हटल्यावर तो भिंतीकडे तोंड करून रडू लागला. मला दया आली नाही.

नळीत दोघांचं रक्त एकत्र केलं. एकही गाठ नाही. एकाच माणसाचं असावं तसं ते एकमेकांत मिसळून गेलं. ती पिशवी चढली, संध्याकाळी मुंबईची आली, आणि दत्तू जगला.

दिवाळीनंतर सुनंदा पुन्हा आली, दोन्ही हातांना दोन मुली धरून. एक तिची, दुसरी रामनाथची. तो अजून तुरुंगात. वाटलं, हिचं मन निवळलं असावं, आणि बरंही वाटलं.

"दोघींचं रक्त तपासून ठेवा, ताई," ती म्हणाली. "बांध अजून तिथंच हाय. पुढच्या खेपेला धावाधाव नको."

मुली एकमेकींच्या वेण्यांतली फुलं मोजत होत्या. मी आधी धाकटीचं बोट हातात घेतलं, पुसलं, आणि सुई टोचायला माझा हात काही केल्या उचलेना.