भुतांच्या डब्यातली खडीसाखर

पुण्याचा तो माणूस शेगावला दर्शनाला आला होता. पेढे घेतले, खाल्ले, आणि रिकामा डबा उलटा करून बुडावरचा पत्ता वाचत आमच्या कारखान्यापर्यंत चालत आला. असं गिऱ्हाईक आम्ही पूर्वी पाहिलं नव्हतं. कारखाना म्हणायचं एवढंच. पत्र्याची एक लांब खोली, पुठ्ठा कापायचं मशीन, खळीचं पातेलं, मालकीण काकू, देऊळघाटच्या माहेराचं दर दोन वाक्यांनी नाव काढणाऱ्या मावशी आणि मी.

त्याला डबे हवे होते भुतांच्या मालिकेसाठी. टीव्हीवर पूर्वी लागायची म्हणे. दर भागाला गोष्ट वेगळी, घर वेगळं, भूत वेगळं. आता सगळे भाग डिस्कवर काढून तो शौकिनांना विकणार होता.

"मोबाइलवर फुकट दिसत असंन ना थे," काकू म्हणाल्या.

"दिसतं की. पण माझ्या लोकांना ते कपाटात मांडून ठेवायचं असतं. काही जण तर डबा उघडणारसुद्धा नाहीत."

"मंग भुतं आतच राह्यतीन म्हना," मावशी म्हणाल्या.

डबा म्हणजे एका बंद घराचं दार. बाहेरून लाकडासारखा कागद, त्याला पितळेची बारकी कडी. आत एकावर एक छोटे खण, गोष्टीगणिक एक, प्रत्येकात मखमल. आम्हाला अंदाज यावा म्हणून त्याने लॅपटॉपवर एक भाग दाखवला. एक बाई खोलीत अडकलेली असते. रडते, भिंती बडवते, आणि शेवटी दिसतं की कडी आतल्या बाजूलाच आहे.

मावशींना हसू आवरेना. "काऊन उघडत नाही वं बयो? हात मोडले काय तुये?"

मला काही हसू आलं नाही.

मी सावंतवाडीकडची. आठवीत शाळा सुटली आणि चुलत बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून मी शेगावला आले. पुढे तिच्या नवऱ्याला सुरतेला काम लागलं, ते बाळाला घेऊन गेले. गावी आमच्या घरात आधीच माणसं जास्त होती. काकूंनी मला कारखान्यामागे आपल्या खोलीशेजारची खोली दिली, हातात कात्री दिली. टायफॉइड झाला तेव्हा माझे गळणारे केस त्यांनीच रोज विंचरले. कुणी वाईट वागलं असतं तर मी भांडून निघून गेले असते. पण जिने सगळं चांगलंच केलं, तिच्यापाशी आणखी काय मागायचं? दिवे लागले की काकू बाहेरच्या दाराला आतून कुलूप घालत, परक्या पोरीची जबाबदारी म्हणून, आणि किल्ली कमरेला खोचत. ते माझ्याच भल्याचं होतं. मला ते कळत होतं, तरी कुलपाचा आवाज झाला की मी जरा वेळ श्वास धरून बसायची.

इतक्या वर्षांत गावी एकदाही गेले नव्हते. काकू म्हणत, "सीझन होऊ दे, मंग जाय." सीझन संपला की दुसरा लागायचा. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, मीही नाही.

भुतांच्या डब्यांचं काम ऐन रंगात असताना आईचा फोन आला. धाकटीचं लग्न ठरलं होतं. "येतलंस मां गो? का ह्या येळेकव फोटोच बघतलंस?"

"लग्नाक येतंय," मी म्हटलं. काकूंना मात्र अजून विचारायचं होतं.

रोज सकाळी मनात वाक्य जुळवायची. "काकू, मला जरा," इथपर्यंत यायचं. त्या वर बघत. "काय वं?"

"खळ पातळ झालीय का, बघा ना."

खळ कधीच पातळ झालेली नसायची.

कड्या चिकटवायचं काम माझ्याकडे होतं. चिमट्याने धरायची, दाबायची, दार लावून पाहायचं, की पुढचा डबा. दिवसभर मी तीच दारं बंद करत होते.

आमच्या कारखान्यातून रिकामा माल कधी जात नाही. पेढेवाल्याकडे गठ्ठा निघाला की वरच्या डब्यात काकू खडीसाखरेचे चार खडे टाकतात. या खेपेला ते काम मावशींनी घेतलं, आणि एका डब्यावर न थांबता प्रत्येक खणात मखमलीखाली एकेक खडा सरकवला. "एकेक खन म्हंजे एकेक घर. त्यात काय राह्यनार हाये थे पाह्यलं ना तू? काही गोड नको काय आत?" काकूंनी मान डोलावली. मलाही त्यात वावगं दिसलं नाही. आमच्या गावीही शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही.

माल पुण्याला गेला. लग्न जवळ आलं. आईला 'जमत नाही' कसं सांगायचं याची वाक्यं मी आता जुळवू लागले होते, तेवढ्यात पुण्याचा फोन आला.

"काकू, डब्यांतून मुंग्या निघतायत."

"लाल की काळ्या?"

"त्याने काय फरक पडतो?"

"काळ्या असल्या तं चांगलं असते."

"काकू, डिस्कवर चढल्यात. कुणाला तरी पाठवा, नाहीतर सगळे डबे परत घ्या."

मावशी खाली बघून पुठ्ठ्याचे तुकडे वेचू लागल्या. मखमल सोलून, पुसून पुन्हा बसवायची तर माझाच हात लागणार होता. काकूंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "पुन्याहून तुह्यं गाव किती दूर हाये?"

"एका रात्रीची गाडी आहे."

"मंग लग्न करूनच ये."

लग्नाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"पत्र्याची भित हाये वं. सगळं आयकू येते. मी तं वाट पाहून राह्यली होती, तू कवा मांगते म्हनून."

निघताना त्यांनी फळीवरून भुतांच्या डब्याचा नमुना काढला. प्रत्येक कामाचा एक नमुना आमच्याकडे राहतो, तो कुणाला देत नाहीत. त्याच्या खणाखणात पेढे भरून माझ्या हातात ठेवला. "नमुना हाये. वापस आनजो."

पुण्यात मुंग्या झाडल्या, मखमल बसवली आणि हळदीच्या दिवशी घरी पोचले. पोरांनी खण उघडून पेढे संपवले. धाकटी माझ्या गळ्यात पडून रडली, मग मीच तिला साडी नेसवली. परत कधी जाणार, की जाणारच नाही, हे मला कुणी विचारलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं. धाकटी पाचपरतावणाला येऊन गेल्यावर पाहिलं तर आईने त्या सगळ्या खणांत कोकमाची सोलं भरून ठेवली होती.

"रिकामो डबो परत नेव नको गो," ती म्हणाली.

मी कडी लावली.

नमुना आता फळीवर आपल्या जागी आहे. सोलांनी मखमलीवर डाग पडलेत. भुताचं रगत दिसते, असं म्हणत मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. संध्याकाळी बाहेरच्या दाराला कुलूप अजून लागतं. किल्ली मात्र काकू कमरेला खोचत नाहीत. माझ्या खोलीच्या दाराशी त्यांनी एक खिळा ठोकलाय, तिथे अडकवतात. मी ती अजून काढलेली नाही.