रिकामी बस

हॉर्नबाई,

आधी बूड टेक आणि गप्प बस. तुझ्याबद्दल लिहिणार म्हटल्यावर तू म्हणालीस, "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं? स्टिअरिंग धरलं, स्टिअरिंग सोडलं." ते मी सोडून दिलं, कारण तुझ्याशी वाद घालायला माणसाला दुसरा उद्योग नसावा लागतो. पण गोष्ट सांगायला घेतली की तू दर वाक्याला "तसं नव्हतं गं वहिनी" म्हणून मध्ये तोंड घालतेस, ते मला चालणार नाही. म्हणून तुला मी परकी बाई करून टाकते. आता तू 'ती' आणि मी 'वहिनी'. परक्यांच्या गोष्टीत नाक खुपसायची तरी तुला लाज वाटेल.

तर ती शाळेची बस चालवायची. नवरा ऐन उमेदीत गेला, मुलगी कडेवर होती, आणि हातात कला म्हणाल तर एवढीच, की घाटातही गिअरचा आवाज येऊ न देता गाडी चढवता यायची. पोरांनी तिचं नाव हॉर्नबाई ठेवलं होतं. दाराशी उशिरा येणाऱ्या पोराला ती तोंडाने हाक मारत नसे. प्रत्येकासाठी तिचा हॉर्न वेगळा, आणि बूट हातात घेऊन धावत सुटणाऱ्या पोराला आपला हॉर्न बरोबर कळायचा.

शेवटचं पोर उतरलं की ती मागच्या बाकापासून पुढे चालत यायची, वाकून प्रत्येक बाकाखाली बघत. फार पूर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी बसमध्ये एक झोपलेलं पोर तसंच राहून गेलं होतं आणि दुपारी उन्हात तापलेल्या डेपोत सापडलं होतं. पोर वाचलं, पण हिने त्या गोष्टीचा धसका घेतला तो कायमचा. बस रिकामी दिसली की मगच तिच्या छातीवरचा दगड उतरायचा. "रिकामी," असं ती मोठ्याने म्हणायची, दार ओढायची आणि मग घरी जाऊन जेवायची. अख्खी नोकरी तिने रिकाम्या बसच्या सुखावर काढली.

निवृत्त झाल्यावर शाळेने तीच जुनी बस मोडीत काढली आणि हिने ती उचलली. तिचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला, "लोक या वयात गुडघे सांभाळतात, तू डबडं सांभाळ." तिने ऐकलं नाही. बाकं काढली, मागे पलंग टाकला, मध्ये ओटा आणि पाण्याची टाकी बसवली, रंग मात्र तोच पिवळा ठेवला. त्या बसमध्ये ती राहू लागली. आज तळ्याकाठी, उद्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे गाड्या लावून मुक्काम करू देतात तिथे. सोबतीला मास्तर. मास्तर म्हणजे तिचा म्हातारा कुत्रा, भुवया पांढऱ्या, चेहरा असा की आत्ता कुणाचा तरी कान पिळणार.

आणि मग वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.

वहिनीची कुत्री भिंगरी. नावच सगळं सांगतं. उघडं दार दिसलं की ही बाहेर, बंद दिसलं की आधी ते उघडून बाहेर. भाऊ हॉस्पिटलात वहिनीजवळ राहणार, घराला कुलूप लागणार, म्हणून भिंगरी हॉर्नबाईकडे आली. वहिनीने पट्टा तिच्या हातात देताना सांगितलं होतं, "बाकी काही करू नकोस. मला बघायला येऊ नकोस, डबा आणू नकोस. हिला तेवढी जाऊ देऊ नकोस."

"अगं, सबंध शाळा सांभाळली मी."

"शाळेतली पोरं कुंपणावरून उड्या मारत नव्हती."

"मारत होती," ती म्हणाली. "मी पकडत होते."

भिंगरीच्या पट्ट्याला पितळेचा बिल्ला होता. त्यावर वहिनीच्या घरचा फोन नंबर कोरलेला. म्हणजे भिंगरी हरवली आणि कुणाला सापडली, तर तो भला माणूस बंद घरात फोन वाजवत बसणार. हे दोघींच्याही लक्षात आलं होतं. ऑपरेशनच्या आधी नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडे जाऊन हॉर्नबाईच्या मोबाइलचा नंबर घातलेला नवा बिल्ला करून घ्यायचा, असं ठरलं. पण त्या दिवशी रक्ताच्या तपासण्या लांबल्या, किल्लीवाल्याने फळी ओढली आणि वहिनी म्हणाली, "राहू दे, आल्यावर करू."

हॉर्नबाईने हॉस्पिटलच्या गावाबाहेरच, तळ्याकाठी मुक्काम टाकला. काही लागलं तर जवळ असावं. जागा छान होती, फक्त झाडांच्या रांगेपलीकडून मोठा रस्ता जायचा आणि मालाचे ट्रक गुरगुरत राहायचे. त्या आवाजाने तिची झोप उडाली. तिने बंदोबस्त असा केला की बघणाऱ्याने तुरुंग म्हणावं. पुढच्या दारासमोर लोखंडी जाळ्यांचं घडीचं कुंपण, जाळ्यांच्या पायात खिळे ठोकलेले, पायरीवर लाकडी अर्धं फाटक, फाटकाला दोन कड्या. मास्तर पळणाऱ्यातला नव्हता, तरी त्यालाही बसच्या मागच्या अंगाला दोन खांबांमधल्या तारेवर लांब दोरीने बांधलेलं, सावलीत.

शेजारच्या गाडीत एक निवृत्त बँकवाले होते. हातात चहाचा कप घेऊन ते रोज कुंपणाची तपासणी करायचे.

"बाई, कुत्रं ठेवलंय की दरोडेखोर?"

"दोन्ही एकच आहे," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. दुपारी वहिनीला आत नेणार होते. ती पाण्याचा पाइप जोडायला बाहेर गेली, बँकवाल्यांशी चार शब्द बोलली, परत आली आणि घासलेली भांडी लावून झाल्यावर, हात मोकळे झाले म्हणून, सवयीने मागच्या पलंगापासून पुढे चालत आली. वाकून पलंगाखाली बघितलं. ओट्याखाली बघितलं. खुर्चीखाली बघितलं.

"रिकामी," ती मोठ्याने म्हणाली. छातीवरचा दगड उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. दार ओढून ती चूळ भरायला नळाशी गेली, आणि तोंडातलं पाणी थुंकायचं राहूनच गेलं.

रिकामी? मग भिंगरी कुठे?

ती धावत आली. फाटकाच्या दोन्ही कड्या लागलेल्या. कुंपण जागेवर, एकही खिळा हललेला नाही. मग ती मागे गेली. पलंगामागच्या पडद्याआडचं इमर्जन्सी दार हातभर उघडं होतं.

त्या दाराला ती कधी कुलूप लावत नसे. आग लागली तर पोरं निघणार कुठून? नोकरीत कुणी त्या दारासमोर दप्तर ठेवलं तरी ती दप्तर उचलून खाली फेकायची. आता पोरं नव्हती, बाकं नव्हती, पण कुलूप हातात घेतलं तरी हात तिकडे वळत नव्हता. दाराची मूठ खाली दाबली की दार उघडायचं. भिंगरीने पलंगावर चढून मुठीवर पंजा ठेवला असणार. समोर तुरुंग बांधला होता आणि मागे वेस उघडी.

झाडांपलीकडे एक ट्रक करकचून ब्रेक मारत थांबला.

त्या आवाजासरशी ती रस्त्याकडे धावली. चपला कुठे गेल्या कळलं नाही. रस्त्यावर काही नव्हतं. ट्रकवाला टायर बघायला उतरला होता. "कुत्री दिसली का? तपकिरी, कानाला पांढरं?" तो नाही म्हणाला. ती रस्त्याच्या कडेने एका अंगाला गेली, मग दुसऱ्या अंगाला, प्रत्येक गटारात डोकावत, आणि डोकावायच्या आधी प्रत्येक वेळी डोळे मिटून. बँकवाले काठी घेऊन तळ्याच्या बाजूने गेले. "हाका मारून पळू नका हो," ते ओरडले, "तिला खेळ वाटेल!" तिला ते पटलं, तरी ती हाका मारत पळत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

"आत नेतायत मला. भिंगरी काय करतेय?"

ती रस्त्याच्या मध्यात उभी होती. एक मोटार हॉर्न देत बाजूने गेली.

"झोपलीय," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी काय, बसलेय."

"बरं," वहिनी म्हणाली. "बस मग."

फोन बंद झाला. वहिनी शुद्धीवर येईल तेव्हा पहिला प्रश्न काय विचारणार, हे तिला ठाऊक होतं. गुडघ्याचा नसणार तो. या क्षणी कुणाला भिंगरी सापडली असली तरी त्या बंद घरातला फोन वाजत असणार, आणि तो कुणीही उचलणार नव्हतं. तिला तो वाजताना ऐकू येऊ लागला. टेबलावरचा, क्रोशाच्या रुमालावरचा काळा फोन.

ती परत आली तेव्हा मास्तर दोरी ताणून बसकडे तोंड करून कुंईकुंई करत होता. "तू गप्प," ती त्याच्यावर खेकसली. "तुला काय झालं? तू आहेस ना जागेवर?" मास्तरने तिच्याकडे असं बघितलं, जसं ढ पोराकडे बघतात.

पायी काही होणार नव्हतं. बस काढून रस्ता दोन्ही बाजूंना लांबपर्यंत बघायचा, असं तिने ठरवलं. कुंपणाच्या जाळ्या उपसून बाजूला टाकल्या, पाण्याचा पाइप सोडवला, मास्तरला तारेवरून सोडून आत चढवायला गेली तर तो चढेना. चार पाय रोवून बसला. शेवटी त्याची दोरी तळ्यावरून परतलेल्या बँकवाल्यांच्या हातात दिली आणि ती स्टिअरिंगवर बसली. चावी घातली.

आणि फिरवली नाही.

बस हलणार असेल तर आधी भोवती फेरी आणि चाकांखाली नजर. हे तिच्या मनाला आठवलं नाही, मनाला त्या वेळी काहीच सुचत नव्हतं. हात आपोआप चावीवरून निघाला आणि पाय आपोआप खाली उतरले. बस उभी असताना तिने कधीच खाली बघितलेलं नव्हतं. निघताना बघायचं, एवढंच तिला माहीत होतं. म्हणून इतका वेळ ती अख्खं रान पायाखाली घालून आली, पण स्वतःच्या गाडीखाली वाकली नव्हती.

मागच्या चाकाशी ती गुडघ्यांवर बसली आणि वाकली.

दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

भिंगरी स्टेपनीच्या पिंजऱ्याखाली, मागच्या चाकाला अगदी लगटून पडली होती. गारव्याला शिरली असणार आणि पट्ट्याचा तो पितळी बिल्ला पिंजऱ्याच्या कडीत अडकला. ओढून ओढून मान सोलवटली होती. घाबरून तिचा आवाजच बसला होता. बस पुढे गेली असती तर...

हॉर्नबाईने ते वाक्य कधीच पूर्ण केलं नाही. मीही करत नाही.

ती पोटावर सरपटत आत गेली. कडीतून सोडवताना बिल्ला दोनदा निसटला. सुटल्यावर भिंगरी पळाली नाही. तिच्या कुशीत तोंड खुपसून तशीच राहिली, आणि या बाईसाहेबही तिथेच, तेल गळणाऱ्या आसाजवळ, मातीत पडून राहिल्या. बँकवाले बाहेरून विचारत होते, "बाई? अहो बाई? सापडली का? तुम्ही ठीक आहात ना? काहीतरी बोला!"

"रिकामी नाही," आतून आवाज आला.

बँकवाल्यांना काही कळलं नाही. मास्तर मात्र बसला आणि जांभई दिली.

संध्याकाळी वहिनीने डोळे उघडले. तोंड कोरडं, जीभ जड. भावाने फोन कानाला लावून दिला.

"उठली का ती?" वहिनीने विचारलं.

"उठली."

"मघाशी झोपली होती तेव्हा एवढ्या धापा कोण टाकत होतं?"

फोनवर रडू आलं, तेही भरभरून.

हॉर्नबाई, इथे तू म्हणणार, "तसं नव्हतं गं." तसंच होतं. त्या दाराला तू अजूनही कुलूप लावलेलं नाहीस. मूठ काढून उलटी बसवलीस. आता ती वर उचलावी लागते. माणसाच्या पोराला उचलता येते, कुत्र्याला नुसती दाबता येते. मला हे फार आवडलं, तुला सांगितलं नव्हतं. आणि आता तू थांबल्या जागीही दर थोड्या वेळाने बसखाली वाकून बघतेस, लोक हसले तरी. हसू देत.

राहता राहिला बिल्ला. माझी काठी सुटली की किल्लीवाल्याकडे जायचं ठरलं होतं. काठी सुटली. तू आलीस, आपण निघालो, नाक्यापर्यंत गेलो. तू पिशवीतून बिल्ला काढलास, त्यावरच्या कडीच्या ओरखड्यावर अंगठा फिरवलास, आणि मी म्हटलं, "आज उन्हं फार आहेत, नाही का?" आणि तू म्हणालीस, "हो, फारच." पुढच्या खेपेला आपण नाक्यावरून सरळ पुढे निघून गेलो. तो काळा फोन आम्ही कधीच काढून टाकला. भिंगरीच्या गळ्यात नंबर अजून तोच आहे, ओरखड्यासकट.